पिकअपचा ‘बीसीएम’ गेलाय असं गॅरेजवाला म्हणाला, तर बॉक्स बदलण्याआधी काय तपासायचं?

समजा, जुन्नरहून भाजीचे क्रेट भरून एक पिकअप रात्री वाशीच्या मार्केटला निघाली आहे. माळशेज घाटात पाऊस आणि धुकं आहे. अशात वायपर मध्येच थांबतात, डावा इंडिकेटर आपोआप लागतो आणि मागून येणारा ट्रकवाला ओरडून सांगतो की, तुमचे ब्रेक लाइट लागत नाहीत. इंजिनाला काहीच झालेलं नाही, गाडी नीट पळते आहे. पण ती रस्त्यावर चालवण्यासारखी राहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये उत्तर मिळतं, “बीसीएम गेलाय. बॉक्स बदलावा लागेल.” पार्ट महाग असतो, तो यायला काही दिवस लागतात आणि तोवर गाडी उभी राहते. पुष्कळदा नवा बॉक्स बसवल्यावरही तोच त्रास परत येतो, कारण दोष बॉक्समध्ये नव्हताच.

हा बीसीएम नेमका काय असतो? तो खरंच खराब झालाय हे कसं ठरवायचं? आणि तो बदलणं हे फ्यूज बदलण्याइतकं सोपं का नाही? समजून घेऊया.

बीसीएम म्हणजे काय?

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. इंजिनाचा कारभार पाहणारा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू. तसाच दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दरवाज्यांचं लॉक, पॉवर विंडो, केबिनमधला दिवा अशा ‘बॉडी’च्या गोष्टी पाहणारा कॉम्प्युटर म्हणजे बीसीएम. अनेक गाड्यांमध्ये चावी ओळखण्याचं काम, म्हणजे इमोबिलायझर, हेसुद्धा त्याच्याकडेच असतं किंवा त्याच्यामार्फत होतं.

जुन्या गाडीत वायपरचा स्विच दाबला की करंट स्विचमधून किंवा रिलेमधून थेट मोटरपर्यंत जायचा. बीसीएम असलेल्या गाडीत स्विच फक्त निरोप देतो. तो निरोप बॉक्सकडे जातो आणि बॉक्स मोटरला करंट सोडतो. ब्रेक लाइटचंही बहुतेक ठिकाणी तसंच असतं. पेडलखालचा स्विच बॉक्सला सांगतो आणि बॉक्स मागचे दिवे लावतो.

गाडीतले हे सगळे बॉक्स एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगासमोर आणली. प्रत्येक कामासाठी वेगळी वायर ओढण्याऐवजी दोन वायरींवर सगळे निरोप जाऊ लागले. वायरिंगचा पसारा कमी झाला, पण एका ठिकाणचा दोष दहा ठिकाणी दिसू लागला.

माझ्या पिकअपमध्ये हा बॉक्स आहे का?

हे आधी पाहा. आपल्याकडे रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी जुन्या पिकअपमध्ये बीसीएम नाहीच. तिथे फ्लॅशर, रिले, फ्यूज आणि स्विच एवढाच खेळ असतो आणि चांगला वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन तासाभरात दोष शोधतो.

रिमोटने उघडणारं लॉक, इमोबिलायझरची चावी, हेडलाइट बंद केल्यावरही थोडा वेळ लागून राहणारे दिवे, अशा सोयी असतील तर बॉक्स असण्याची शक्यता मोठी. तो बहुतेकदा डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या पायाजवळ किंवा बाजूच्या सीटसमोरच्या कोपऱ्यात असतो. काही गाड्यांत तो फ्यूज बॉक्सलाच जोडलेला असतो. नेमकी जागा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते.

बिघडल्याची लक्षणं कोणती?

एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी एकाच वेळी चुकू लागल्या, की संशय बीसीएमवर जातो. वायपर आणि इंडिकेटर सोबत बंद पडणं, हॉर्न आपोआप वाजणं, लॉक स्वतःहून उघडणं-लागणं, चावी ओळखली न गेल्यामुळे गाडी सुरू न होणं, रात्री उभ्या केलेल्या गाडीची बॅटरी सकाळी उतरलेली असणं, ही त्यातली नेहमीची.

पण यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कारणानेही येतं. एका बाजूचा इंडिकेटर फार भरभर लुकलुकत असेल, तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो किंवा कुणीतरी साध्या बल्बच्या जागी एलईडी बसवलेला असतो. करंट कमी जातो, बॉक्सला वाटतं बल्ब उडाला, म्हणून तो वेग वाढवून इशारा देतो. इथे बॉक्स बिघडलेला नसतो, उलट आपलं काम चोख करत असतो.

२४ लाख गाड्या आणि एक सैल कनेक्टर

दोष बॉक्समध्ये की बॉक्सपाशी, हा फरक किती महत्त्वाचा आहे याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मे २०१४ मध्ये जनरल मोटर्सने तिथल्या सुमारे २४ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात शेव्हरोले मालिबू, पॉन्टिॲक जी६ आणि सॅटर्न ऑरा या मोटारी होत्या. तक्रार अशी होती की, ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागत नाहीत किंवा ब्रेक न दाबताच लागतात. क्रूझ कंट्रोल आणि गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणांवरही परिणाम होत होता.

कारण सापडलं ते बीसीएमच्या कनेक्टरमध्ये. गाडीच्या थरथरीने पिना किंचित घासत राहायच्या, त्यावर गंज धरायचा आणि ब्रेकचा निरोप बॉक्सपर्यंत नीट पोहोचायचा नाही. उपाय म्हणून कनेक्टर घट्ट बसावा यासाठी एक छोटा स्पेसर लावण्यात आला, पिनांना गंज रोखणारं खास ग्रीस लावलं आणि ब्रेक पेडलची मूळ जागा बॉक्सला पुन्हा शिकवली. सरसकट बॉक्स बदलण्याची गरज नव्हती.

या मोटारी होत्या. पिकअप तर खडीच्या रस्त्यावर, पूर्ण लोडवर, दिवसभर हादरे खाते. त्यामुळे तिच्या बाबतीत कनेक्टरवर, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला कपलर म्हणतात त्यावर, पहिला संशय घ्यायला हवा.

बॉक्सच खराब आहे हे कसं ठरवायचं?

स्वस्तातल्या तपासण्या आधी करायच्या.

बॅटरी : इंजिन बंद करून काही तास उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना हा आकडा बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असतो. व्होल्टेज खाली गेलं की बॉक्स भलतंसलतं वागू लागतात. बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा पांढरे पडलेले असतील तर ते आधी साफ करून घट्ट करा.

अर्थ : बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि बॉडी यांच्यातला जोड गंजला, तर करंट भलत्या वाटेने परत जाऊ पाहतो आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटण्यासारखे प्रकार होतात. दिवे लावून ठेवा. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी बॉक्सच्या अर्थ पॉइंटवर ठेवा. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थ कच्चा आहे असं समजा.

फ्यूज : बॉक्सला एकच फ्यूज नसतो. वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे फ्यूज त्याला सप्लाय देतात. दोन-तीनच गोष्टी बंद असतील तर त्यांचा एखादा सामायिक फ्यूज उडालेला असू शकतो.

कपलर आणि पाणी : बॅटरी काढून मग कपलर उघडायचे. हिरवट गंज, काळी पडलेली पिन, मागे सरकलेली पिन, ओल, उंदराने कुरतडलेली वायर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. पुढच्या काचेचं रबर फाटलं असेल, तर पावसाचं पाणी वायरिंगवरून ओघळत थेट कपलरमध्ये येतं.

बाहेरून जोडलेल्या वस्तू : जास्तीचा हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम, जीपीएस, चोरीचा अलार्म. यांच्यासाठी मूळ वायरिंग कुठे कापलं आहे ते पाहा. या वस्तू सुट्या केल्यावर त्रास थांबला तर काम तिथेच संपलं.

यानंतर येतो स्कॅनर. ‘बी’ने सुरू होणारे कोड बॉडीचे आणि ‘यू’ने सुरू होणारे कोड बॉक्सांमधल्या संपर्काचे असतात. ‘यू ०१४०’ म्हणजे दुसऱ्या एखाद्या बॉक्सचा बीसीएमशी संपर्क तुटला. लक्षात घ्या, संपर्क तुटला एवढंच हा कोड सांगतो. तो बॉक्स मेल्यामुळे तुटला, सप्लाय गेल्यामुळे तुटला की वायर तुटल्यामुळे, हे शोधावं लागतं.

संपर्काच्या वायरी तपासण्याची एक सोपी रीत आहे. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही समांतर जोडलेले असल्यामुळे बॅटरी काढल्यावर ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाशी संपर्क तुटलाय. शून्याच्या जवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत बॉडीचं जाळं वेगळं असतं, त्यामुळे आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा सोबत हवा.

निर्णायक तीन प्रश्न

आता ब्रेक लाइटचंच उदाहरण घेऊ.

पहिला प्रश्न : बॉक्सला पूर्ण सप्लाय आणि पक्का अर्थ मिळतोय का?

दुसरा प्रश्न : ब्रेक दाबल्यावर पेडलच्या स्विचचा निरोप बॉक्सच्या पिनेपर्यंत येतोय का, आणि स्कॅनरवर ‘ब्रेक ऑन’ असं दिसतंय का? पिनेपर्यंतच येत नसेल तर दोष स्विचमध्ये किंवा वायरमध्ये. पिनेवर येतोय पण स्कॅनरवर दिसत नाही, तर संशय बॉक्सवर.

तिसरा प्रश्न : निरोप पोहोचल्यावर, किंवा स्कॅनरवरून दिवा लावण्याचा हुकूम दिल्यावर, बॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या पिनेवर व्होल्टेज येतंय का? येत असूनही दिवा लागत नसेल तर पुढची वायर, होल्डर किंवा बल्ब पाहा. येतच नसेल तर बॉक्सवरचा संशय पक्का होत जातो.

इथे एक सापळा आहे. बाहेरच्या वायरमध्ये शॉर्ट असेल तर अनेक बॉक्स स्वतःला वाचवण्यासाठी ते आउटपुट बंद करतात. त्यामुळे ती वायर शॉर्ट नाही ना, हे पाहिल्याशिवाय बॉक्सला दोषी ठरवू नका. शॉर्ट तसाच ठेवून नवा बॉक्स बसवला, तर तोही त्याच वाटेने जाण्याचा धोका असतो.

चांगला बॉक्स मरतो कशाने?

सगळ्यात मोठा शत्रू पाणी. पुरात किंवा पावसात भिजलेली गाडी वाळवून चालू केली, तरी सर्किटवर गंज हळूहळू पसरतो आणि त्रास महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होऊ शकतो. दुसरं कारण चुकीचा जंप स्टार्ट. केबल उलट्या लागल्या की क्षणात नुकसान होतं.

पिकअपच्या मालकांनी एक कारण खास लक्षात ठेवायला हवं, ते म्हणजे वेल्डिंग. हौदा वाढवणं, जाळी बसवणं, फाळक्याचं बिजागर जोडणं ही कामं बॅटरी न काढता इलेक्ट्रिक वेल्डिंगने केली, तर करंट गाडीच्या बॉडीतून फिरतो आणि बॉक्स जळू शकतो. बॅटरी सोडवणं ही किमान काळजी आहे. वेल्डिंगच्या जागेजवळ बॉक्स असेल तर त्याचे कपलरही काढावेत आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा.

नवा, जुना की दुरुस्त केलेला?

कंपनीचा नवा बॉक्स सगळ्यात महाग, पण तो गाडीच्या चेसिस नंबरप्रमाणे प्रोग्रॅम करता येतो. स्क्रॅपमधला बॉक्स स्वस्त पडतो. मात्र त्यात दुसऱ्या गाडीचा चेसिस नंबर, दुसऱ्या चाव्या आणि दुसरी सेटिंग असतात. काही मॉडेलमध्ये हे पुसून नवं लिहिता येतं, काहींमध्ये येत नाही. बाहेरून सारखे दिसणारे दोन बॉक्स आतून वेगळे असू शकतात, म्हणून पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

तिसरा पर्याय आपलाच बॉक्स उघडून दुरुस्त करण्याचा. रिले चिकटला असेल किंवा सोल्डर सुटलं असेल तर ते काम होऊ शकतं. यात मूळ माहिती तशीच राहते, ही मोठी सोय. गंज आतपर्यंत गेला असेल तर मात्र दुरुस्ती फार टिकत नाही.

बॉक्स बदलायचा कसा?

पेचकसाचं काम थोडं असतं, खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं.

१. जुन्या बॉक्समधली माहिती आधी वाचून ठेवायची. या गाडीला पॉवर विंडो आहेत की नाहीत, टायरचा आकार काय, दिवे कोणत्या प्रकारचे, चाव्या किती, असं सगळं त्यात असतं. हे बॉक्स काढण्याआधीच करायचं. बॉक्स पूर्ण मेला असेल तर चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हरवरची माहिती मागवावी लागते.

२. सगळे कोड आणि ओडोमीटरवरचे किलोमीटर यांचा फोटो काढायचा.

३. इग्निशन बंद करून, चावी लांब ठेवून, गाडीचे बॉक्स ‘झोपेपर्यंत’ थांबायचं. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. गाडीला एअरबॅग असतील तर मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबल्याशिवाय डॅशबोर्डखाली हात घालायचा नाही.

४. कपलर त्यांचं लॉक सोडवून काढायचे, वायर धरून ओढायचे नाहीत. पिना साफ आणि सरळ आहेत हे पाहायचं. पाणी येत असेल तर ती वाट आधी बंद करायची.

५. नवा बॉक्स बसवून, सगळे कपलर ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून, मग बॅटरी जोडायची.

६. प्रोग्रॅमिंग करताना बॅटरीला स्थिर सप्लाय देणारं यंत्र लावायचं. अर्ध्यात व्होल्टेज पडलं तर कोरा करकरीत बॉक्स निकामी होऊ शकतो.

प्रोग्रॅमिंग नाही केलं तर?

नवा बॉक्स कोरा असतो. त्याला गाडीत काय बसवलं आहे हे ठाऊक नसतं, म्हणून काही दिवे लागतात आणि काही लागत नाहीत. इमोबिलायझर त्याच्याकडे असेल तर इंजिनाचा ईसीयू त्याला ओळखत नाही आणि गाडी सुरूच होत नाही.

ही ओळख करून देण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी. अमेरिकेत पिकअप ट्रकांचा मोठा बाजार आहे. तिथल्या जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत हे शिकवायला दहा-दहा मिनिटांचे तीन टप्पे, म्हणजे अर्धा तास लागतो. फोर्डच्या पद्धतीत जुन्या बॉक्सची माहिती वाचून नव्यात उतरवली जाते. आपल्याकडे बहुतेक वेळा हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा तसा स्कॅनर असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे होतं.

गाडीच्या सगळ्या चाव्या सोबत न्या. नव्या बॉक्सला जी चावी दाखवली गेली नाही, ती नंतर चालेलच असं नाही. काही गाड्यांत किलोमीटरचा आकडाही या बॉक्समध्ये साठवलेला असतो. बॉक्स बदलल्यावर आकडा बदलला तर जुना आकडा, तारीख आणि कारण बिलावर लिहून घ्या. उद्या गाडी विकताना मीटर मागे फिरवल्याचा संशय येणार नाही.

गाडी ताब्यात घेताना काय बघायचं?

गॅरेजमधून निघण्याआधी दहा मिनिटं द्या. हेडलाइट, डिपर, चारही इंडिकेटर, पार्किंग, रिव्हर्स लाइट, वायपरचे सगळे वेग, हॉर्न, लॉक, प्रत्येक चावी आणि सगळ्यात आधी ब्रेक लाइट, मागे कुणाला तरी उभं करून. स्कॅनरवर जुने कोड परत आले नाहीत ना, तेही बघा.

रात्रभर उभी राहून बॅटरी उतरत नाही ना, हेही तपासायला सांगा. सगळे बॉक्स झोपल्यावर गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आतच करंट खायला हवी. बॉक्स झोपायला वेळ घेतात, म्हणून हे माप घाईत घेऊ नये.

खर्च कोण देणार?

गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटर गाठा. बाहेर वायरिंग कापलेलं असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. इन्शुरन्सबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचं काहीच मिळत नाही. पॅकेज पॉलिसीतही नुसता इलेक्ट्रिकल बिघाड झाला तर तो सहसा वगळलेला असतो. पुरात गाडी बुडून नुकसान झालं असेल तर मात्र दावा करता येतो. अशा वेळी गाडी सुरू करून बघू नका, फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

आणि गॅरेजमध्ये “बॉक्स गेलाय” असं ऐकलं की तीन गोष्टी विचारा. सप्लाय, अर्थ आणि कपलर तपासले का? कोणत्या पिनेवर काय मिळालं? बॉक्स कशामुळे गेला, आणि ते कारण दूर केलं का? ज्याने खरंच तपासलं आहे, त्याच्याकडे याची उत्तरं तयार असतात. नसतील, तर पैसे मोजण्याआधी दुसऱ्या वायरमनला गाडी दाखवा. तोवर ब्रेक लाइट लागत नसलेली गाडी रात्री घाटात नेऊ नका, मग मार्केट कितीही तेजीत असो.